मूत्राशयातला खडा: नुसता फोडून काढायचा, की प्रोस्टेटचंही ऑपरेशन करून घ्यायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही समजण्यात राहिलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. वडील ७१ वर्षांचे. मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात, रक्तदाबाची एक गोळी चालू. दीड-दोन वर्षांपासून लघवीची धार बारीक झाली आहे आणि रात्री तीन-चार वेळा उठावं लागतं. गेल्या महिन्यात लघवीच्या शेवटी रक्त दिसलं, म्हणून सोनोग्राफी केली. त्यात मूत्राशयात २२ मिलिमीटरचा खडा, प्रोस्टेट (मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली पुरुषांतली ग्रंथी) ५८ ग्रॅम, आणि लघवी करून आल्यावरही आत १४० मिलिलिटर लघवी शिल्लक. एक डॉक्टर म्हणाले, दुर्बिणीतून खडा फोडू आणि प्रोस्टेटला गोळी देऊ. दुसरे म्हणाले, एकाच भुलीत दोन्ही करून टाकू. घरात हुलग्याचं माडगं आणि काढा सुरू आहे, वडिलांना ऑपरेशन नको आहे, आणि करायचंच झालं तर सोयाबीन निघेपर्यंत थांबता येईल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

मी युरोलॉजिस्ट आहे, असे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे "हेच करा" असं सांगणार नाही. माझ्यासमोर ते बसले असते तर मी काय विचारलं असतं, काय तपासलं असतं आणि कशावरून ठरवलं असतं, तेवढं नीट सांगतो. ते घेऊन तुम्ही त्या दोनपैकी कोणत्याही डॉक्टरांसमोर बसू शकाल.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करू. मूत्रपिंडातला खडा आणि मूत्राशयातला खडा हे दोन निराळे प्रश्न आहेत. मूत्रपिंडातून खाली येणाऱ्या नळीची सगळ्यात अरुंद जागा आतून जेमतेम ३-४ मिलिमीटरची असते. तिथून जो खडा सुटून मूत्राशयात पडतो, तो पुढे लघवीच्या मार्गाने सहसा निघून जातो, कारण पुढचा रस्ता त्याहून रुंद असतो. म्हणून मोठ्या माणसाच्या मूत्राशयात खडा टिकला आणि वाढून २२ मिलिमीटरचा झाला, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो "हा बाहेर का पडला नाही?" हा. पन्नाशी-साठीपुढच्या पुरुषात याचं उत्तर बहुतेक वेळा प्रोस्टेटमध्ये सापडतं. मूत्राशय पूर्ण रिकामा होत नाही, तळाशी उरलेली लघवी दाट होते, तिच्यातले क्षार जमतात. ज्या माठातलं पाणी तळापर्यंत कधी उपसलंच जात नाही त्याच्या बुडाशी थर बसतो, तसंच हे. मधुमेहींची लघवी जास्त आम्लधर्मी असते, त्यामुळे त्यांच्यात युरिक अॅसिडचे खडे सहज बनतात. वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर वेगळ्या जातीचे, भराभर वाढणारे खडे होतात.

थोडक्यात, खडा हा परिणाम आहे. तो काढावा तर लागेलच, पण ज्या कारणाने तो झाला त्याचं काय करायचं, हा तुमचा खरा प्रश्न आहे. दोन डॉक्टरांत मतभेद आहे तो नेमका इथेच.

प्रोस्टेटच्या आकड्याबद्दल थोडं सांगतो, कारण सगळे कुटुंबीय त्यालाच धरून बसतात. तरुण माणसाची प्रोस्टेट साधारण २० ग्रॅमची असते. ५८ ग्रॅम म्हणजे वाढलेली आहे, पण या आकड्यावरून अडथळा किती हे कळत नाही. शंभर ग्रॅमची ग्रंथी असूनही मजेत लघवी करणारे आजोबा मी पाहतो, आणि तिशी-पस्तिशीतल्या आकड्याची ग्रंथी असूनही लघवी तुंबलेले लोक पाहतो. ग्रंथी कुठे वाढली आहे हे महत्त्वाचं. कधी तिचा मधला भाग वर मूत्राशयात घुसतो आणि जोर लावला की तोंडावरच येऊन बसतो. जितका जोर, तितकं दार घट्ट. सोनोग्राफीच्या रिपोर्टात "मधला लोब मूत्राशयात इतके मिलिमीटर आला आहे" असं काही लिहिलं असेल तर ते मला ५८ या आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. अशा मधल्या लोबपुढे गोळ्यांचं फारसं चालत नाही.

आता लक्षणांची वाटणी करू, कारण नुसता खडा काढला तर वडिलांना कितपत आराम पडेल याचा अंदाज त्यावरून येतो. लघवीच्या शेवटी दुखणं, ती कळ लिंगाच्या टोकाशी जाणवणं, शेवटच्या थेंबांबरोबर रक्त येणं, चालता चालता किंवा ट्रॅक्टरवर बसल्यावर त्रास वाढणं आणि आडवं झाल्यावर कमी होणं, चालू धार एकाएकी बंद पडणं आणि कूस बदलली की परत सुरू होणं, ही सगळी खड्याची लक्षणं. लघवी सुरू व्हायला वेळ लागणं, धार बारीक होणं, जोर करावा लागणं, झाल्यावरही थोडी राहिल्यासारखं वाटणं, ही अडथळ्याची. वारंवार लागणं आणि रात्री उठणं दोन्हींमुळे होतं. वडिलांना शेजारी बसवून यातलं काय काय होतं ते विचारा. आपल्याकडचे वडीलधारे पुरुष विचारल्याशिवाय हे सांगत नाहीत, आणि मुलासमोर सांगायला लाजतात. जावई किंवा एखादा समवयस्क मित्र सोबत असला की जास्त मोकळं बोलतात, असा माझा अनुभव आहे. त्रास दीड-दोन वर्षांपासून असून सुरुवातीला फक्त धारेची तक्रार होती आणि रक्त व दुखणं अलीकडचं असेल, तर अडथळा आधीपासूनचा आणि खडा नंतरचा, असं मी समजेन. तुमच्या वर्णनावरून तसंच दिसतंय.

पूर्वी आम्हाला शिकवलं जायचं की प्रोस्टेटच्या रुग्णाला मूत्राशयात खडा झाला म्हणजे प्रोस्टेटचं ऑपरेशन करायचंच. आज हा नियम तितका कडक राहिलेला नाही. खडे पुन्हा पुन्हा होत असतील, लघवी वारंवार अडत असेल, प्रोस्टेटमुळे रक्त जात असेल, संसर्ग सतत होत असेल किंवा अडथळ्यामुळे मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल, तर ऑपरेशन करावं यावर सगळ्यांचं एकमत आहे. एकच खडा, पहिल्यांदाच, आणि औषधांनी अडथळा सुधारण्यासारखा असेल, तर नुसता खडा काढून गोळ्यांवर ठेवणं ही आता मान्य पद्धत आहे. त्यातल्या काही जणांना पुढे खडा परत होतो किंवा त्रास वाढून प्रोस्टेटचं ऑपरेशन करावं लागतं. काहींना लागत नाही. म्हणजे तुमच्या दोन्ही डॉक्टरांपैकी कोणी चूक सांगत नाही. मग निवड कशावरून करायची?

मी सगळ्यात आधी विचारेन: वडिलांनी आजवर प्रोस्टेटची गोळी घेतली आहे का? हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या दृष्टीने निम्मा निर्णय इथे आहे. टॅमसुलोसिन, सायलोडोसिन किंवा अल्फुझोसिन यांतली एखादी गोळी व्यवस्थित, काही महिने घेऊनही खडा झाला असेल, तर गोळी पुरत नाही हे खड्यानेच दाखवून दिलं. मग खडा काढून पुन्हा त्याच गोळीवर ठेवण्यात मला अर्थ दिसत नाही. गोळी कधीच घेतली नसेल, तर पहिल्या डॉक्टरांच्या म्हणण्याला वजन आहे.

मग १४० मिलिलिटर हा आकडा. यावर विश्वास ठेवण्याआधी तो कसा मोजला ते पाहा. सोनोग्राफी केंद्रात काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. रुग्णाला लिटरभर पाणी प्यायला लावतात, बाहेर बाकड्यावर तास-दीड तास बसवतात, नंबर येईपर्यंत मूत्राशय तट्ट फुगलेला असतो. मग "जा, लघवी करून या" म्हणतात, आणि रांग असलेल्या अनोळखी संडासात, बाहेर कोणी दार ठोठावत असताना माणूस घाईने अर्धीच करून येतो. अशा वेळी शिल्लक खोटी वाढलेली दिसते. म्हणून मी ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला सांगतो: नेहमीसारखी लागली की जा, निवांत करा, आणि लगेच मोजा. बसून लघवी केल्याने नीट होत असेल तर बसून करा. दोन्ही वेळा शंभराच्या वर आली तर मी ती खरी धरतो.

त्याच भेटीत युरोफ्लो ही तपासणी होऊ शकते. एका फनेलमध्ये लघवी करायची, यंत्र धारेचा वेग कागदावर काढून देतं. टोचाटोची काही नाही. मूत्राशयात किमान दीडशे मिलिलिटर लघवी असताना केली तरच ती ग्राह्य. सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर वेग असला तर अडथळा असण्याची शक्यता कमी, १० च्या खाली असला तर बराच संशय. मात्र वेग कमी असण्याचं कारण दरवेळी अडथळाच नसतं. दाराला अडथळा नसून पिशवीचा स्नायूच दमलेला असेल तरी आलेख असाच आडवा, लांबलचक येतो. तुमच्या वडिलांना मधुमेह आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. मधुमेह बरीच वर्षं जुना असेल, पायांना बधिरपणा असेल, किंवा कंपवात, पक्षाघात, मणक्याचा आजार असेल, तर ऑपरेशनआधी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, म्हणजे युरोडायनॅमिक्स, करून घेणं शहाणपणाचं. स्नायू थकलेला असताना प्रोस्टेट काढली तर अपेक्षेइतकी धार सुधारत नाही, आणि मग "ऑपरेशन करून काय उपयोग झाला" असं सगळ्यांना वाटतं.

बाकीच्या तपासण्या पटकन सांगतो. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, आणि दोन्ही मूत्रपिंडांना सूज आहे का हे आधी. क्रिएटिनिन वाढलेलं असेल आणि मूत्रपिंडं फुगलेली असतील, तर ऑपरेशन मागे ठेवून आधी काही दिवस कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालून मूत्रपिंडांना सावरू द्यावं लागतं. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, हवंच. जंतू असतील तर त्यांच्यावर लागू पडणारं औषध देऊन मगच दुर्बीण आत घालायची, नाहीतर थंडी-ताप येऊन जंतू रक्तात जाण्याचा धोका असतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका पाहण्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी करा, पण संसर्ग असताना किंवा नुकतंच कॅथेटर घातलेलं असताना ती फसवी वाढते. अशा वेळी साधारण सहा आठवडे थांबून परत करतात. साध्या एक्स-रेत युरिक अॅसिडचा खडा दिसत नाही, त्यामुळे "एक्स-रेत काही नाही" म्हणजे खडा गेला असं समजू नका. वर मूत्रपिंडातही खडे असल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन करावा. आणि लघवीतलं रक्त खड्यामुळेच आहे असं आधीच धरून चालू नये. वडील तंबाखू किंवा बिडी ओढत असतील तर मूत्राशयाच्या आतलं अस्तर दुर्बिणीने नीट पाहून घेणं महत्त्वाचं आहे, कारण मूत्राशयाच्या गाठीतूनही असंच रक्त येतं. सुदैवाने खडा फोडताना दुर्बीण आत जातेच, तेव्हाच हे बघून होतं.

दुर्बीण आत गेल्यावर जे दिसतं ते आकड्यांपेक्षा खूप काही सांगतं. निरोगी मूत्राशयाची भिंत आतून गुळगुळीत, फिकट गुलाबी असते आणि तिच्यावर बारीक रक्तवाहिन्या दिसतात. वर्षानुवर्षं जोर करून लघवी करणाऱ्या माणसात त्याच भिंतीवर स्नायूंच्या जाड दोऱ्या आडव्यातिडव्या उठलेल्या असतात, त्यांच्यामध्ये खोलगट कप्पे पडलेले असतात, आणि कधी एखाद्या कप्प्यात दुसरा छोटा खडा लपलेला सापडतो. खाली पिवळट-तपकिरी खडा पाण्याच्या झोताबरोबर इकडून तिकडे घरंगळत असतो. पडद्यावर असं चित्र दिसलं की हा अडथळा जुना आहे याबद्दल माझी खात्री पटते. म्हणून ऑपरेशनआधीच मी रुग्णाची दोन्हींसाठी संमती घेऊन ठेवतो आणि स्पष्ट सांगतो, "आत पाहून शेवटचं ठरवू." तुम्हीही डॉक्टरांना हे विचारू शकता.

आता माडगं आणि काढ्याबद्दल. हुलग्याचं माडगं हे चांगलं अन्न आहे, वडिलांना आवडत असेल तर खुशाल खाऊ द्या. पण २२ मिलिमीटरचा खडा त्याने जाणार नाही. पानफुटी, गोखरू, केळीच्या खोडाचा रस, यांनी खडा पडल्याच्या ज्या गोष्टी आपण ऐकतो, त्या बहुतेक मूत्रपिंडातल्या ४-५ मिलिमीटरच्या खड्यांच्या असतात, आणि ते खडे नुसतं पाणी पिऊनही बहुधा पडतातच. युरिक अॅसिडचा खडा लघवी अल्कधर्मी ठेवून विरघळवता येतो हे वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. पण मूत्राशयात एवढ्या आकाराला त्याला महिनोन्‌महिने लागतात, खडा संपूर्ण त्याच जातीचा असावा लागतो, आणि लघवी अल्कधर्मी करणारं पोटॅशियम सायट्रेट घ्यायला मूत्रपिंडं ठणठणीत हवीत. मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. "खडा धुऊन निघेल" म्हणून अडथळा असलेल्या माणसाला तांब्यामागून तांब्या पाणी पाजतात. मूत्राशय एकदम फुगतो, स्नायू ताणला जातो, आणि लघवी पूर्ण अडून रात्री दवाखान्यात धावावं लागतं. पाणी दिवसभरात विभागून, दोन-सव्वादोन लिटरच्या आसपास, आणि झोपण्याआधीचे दोन-तीन तास कमी. उन्हात शेतात काम असेल तर थोडं जास्त.

समजा करायचं ठरलं. बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. आधी खडा, मग प्रोस्टेट असा क्रम असतो, कारण प्रोस्टेट कापायला सुरुवात झाली की थोडं रक्त येऊन दिसणं गढूळ होतं. लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून होल्मियम लेझरने खड्याचा भुगा किंवा बारीक तुकडे करतात आणि ते पाण्याच्या दाबाने, रबरी फुग्यासारख्या उपकरणाने खेचून बाहेर काढतात. २२ मिलिमीटर हा आकार या पद्धतीला छान बसतो. खडे चार-पाच सेंटिमीटरचे किंवा मूठभर असते, तर बेंबीखाली छोटं भोक पाडून तिथून काढणं जास्त सोयीचं. मोठी दुर्बीण लघवीच्या नाजूक मार्गात तासन्‌तास ठेवली तर पुढे तो मार्ग आकसण्याची भीती असते. फारच मोठा खडा असेल तर पोटावर छेद घेऊन काढणं हे आजही योग्य ऑपरेशन आहे, त्याला जुनाट म्हणून नाक मुरडू नये.

जाता जाता सांगतो, खडा आणि प्रोस्टेट या दोन्हींशी ज्याचं नाव जोडलं गेलं तो सर्जन आपल्याकडेच घडला. पीटर फ्रेयर हा आयरिश डॉक्टर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये १८७५ पासून वीसेक वर्षं होता. त्या काळी हिंदुस्थानात मूत्राशयाचे खडे फार, आणि इथेच तो खडे फोडण्यात तरबेज झाला. पुढे लंडनला जाऊन १९०० मध्ये त्याने मूत्राशय उघडून वाढलेली प्रोस्टेट बोटाने सोडवून काढायला सुरुवात केली. ते ऑपरेशन आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं.

प्रोस्टेटसाठी ५८ ग्रॅमला टीयूआरपी, म्हणजे दुर्बिणीतून आतला भाग खरवडून काढणं, हा उत्तम पर्याय आहे. जुन्या पद्धतीत ग्लायसिनचं पाणी वापरतात, ते जास्त वेळ चाललं तर रक्तातलं सोडियम घसरतं, म्हणून साधारण तासाची मर्यादा पाळतात. खडा फोडून मग प्रोस्टेट करायची असेल तर वेळ लागतो, तेव्हा सलाईन वापरणारं बायपोलर यंत्र असलेलं बरं. हे आधी विचारून घ्या. होलेप म्हणजे लेझरने पूर्ण आतली ग्रंथी सोडवणं. ८० ग्रॅमच्या वरच्या ग्रंथीत त्याचा फायदा ठळक दिसतो. पन्नास-साठ ग्रॅमला दोन्ही चालतात. तुमचे सर्जन ज्यात मुरलेले आहेत ते करून घ्या. यंत्राच्या नावामागे लागून वडिलांना तीनशे किलोमीटर नेण्याची गरज नाही.

वडील ऑपरेशनला घाबरतात, म्हणून तोटे झाकून ठेवू नका. माझ्या पाहण्यात ज्यांना सगळं आधी सांगितलेलं असतं ते नंतर शांत असतात. टीयूआरपीनंतर दहातल्या सहा-सात जणांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्याने अपाय नाही, पण हे ऐकायचा हक्क एकाहत्तरीतल्या माणसालाही आहे. वय बघून आपणच गृहीत धरू नये. लिंगाला ताठरता येण्याची क्षमता सहसा तशीच राहते. पहिले काही आठवडे लघवीची घाई होते, थोडी गळते, जळजळ होते. कायमची गळती शंभरात एखाद्याला. काही वर्षांत लघवीचा मार्ग किंवा मूत्राशयाचं तोंड आकसू शकतं. काढलेल्या तुकड्यांची तपासणी होते आणि क्वचित त्यात कर्करोग सापडतो. शिवाय प्रोस्टेटचं बाहेरचं आवरण मागे राहतंच, त्यामुळे पुढेही पीएसए बघत राहावं.

ऑपरेशनआधी गोळ्यांची संपूर्ण यादी डॉक्टरांना दाखवा, पाकिटांसकट. रक्त पातळ करणारी क्लोपिडोग्रेलसारखी गोळी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच पाच-सात दिवस आधी थांबवतात. स्वतःहून बंद करू नका, विशेषतः स्टेंट घातलेला असेल तर. मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर आवर्जून सांगा. या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यामुळे लघवी जास्त होते, जंतूंनाही फावतं, आणि ऑपरेशनआधी किमान तीन दिवस त्या बंद ठेवतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर टॅमसुलोसिनबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण त्या गोळीने बुबुळातला पडदा सैल पडतो.

दवाखान्यात साधारण तीन-चार दिवस, त्यातले दोन-तीन दिवस कॅथेटर. घरी आल्यावर महिना-दीड महिना दुचाकी, ट्रॅक्टर, पोती उचलणं बंद. संडासला जोर करायचा नाही, इसबगोल चालू ठेवा. दहा-बारा दिवसांनी, सगळं ठीक चालू असताना, एकदम लाल लघवी होते. आतली खपली सुटल्याने ते होतं. पाणी पिऊन दिवसभरात निवळतं. गाठी पडून लघवी अडली तर मात्र लगेच यायचं.

आणि नुसता खडा काढायचं ठरलं तर? तेही चालेल, पण मग त्याला शेवटपर्यंत निभावा. गोळी रोज घ्यायची. ग्रंथी आकसवणारी ड्युटास्टेराइडची जोड दिली तर तिचा परिणाम दिसायला सहा महिने लागतात, आणि तिने पीएसए निम्मं होतं हे रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवायचं. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा सोनोग्राफी आणि शिल्लक लघवी. पुन्हा बारीकसा खडा दिसला किंवा शिल्लक वाढत गेली, की प्रोस्टेटला हात घालायचा हे आजच मनाशी ठरवा. सर्दीच्या गोळ्या औषध दुकानातून परस्पर घ्यायच्या नाहीत; त्यांतल्या काहींनी लघवी तुंबते.

काही घरांत तिसरा मार्ग निघतो: "वय झालंय, नळीवर ठेवू." ज्यांना कोणतीच भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी तो मार्ग आहे. तुमच्या वडिलांसारख्या हिंडत्याफिरत्या माणसासाठी मला तो मुळीच पटत नाही. कायमच्या कॅथेटरभोवती क्षार बसतात, त्याच्या फुग्यावर कवच धरतं, नळी बदलताना ते फुटून आत पडतं आणि त्याचेच नवे खडे होतात.

खर्चाबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही मूत्रमार्गाची ऑपरेशन्स आहेत. तुमच्या जवळच्या कोणत्या रुग्णालयात खडा आणि प्रोस्टेट दोन्ही एकत्र मंजूर होतील, हे तिथल्या आरोग्यमित्राला भरती होण्याआधी विचारा.

माझं मत विचाराल तर, शिल्लक लघवी पुन्हा मोजून शंभराच्या वर आली, युरोफ्लोवर अडथळा दिसला आणि हृदय-फुप्फुसं भूल झेपण्यासारखी असली, तर मी त्यांना दोन्ही एकाच वेळी करून घ्या असंच सांगेन. ७१ व्या वर्षी एकदा भूल देणं बरं. ७५ व्या वर्षी, कदाचित जास्त थकलेल्या मूत्राशयावर आणि हृदयावर, दुसऱ्यांदा देण्यापेक्षा. शिल्लक पन्नासच्या आत निघाली आणि गोळी कधी घेतलेलीच नसेल, तर मी पहिल्या डॉक्टरांच्या बाजूने जाईन.

राहता राहिलं सोयाबीन. क्रिएटिनिन ठीक असेल, मूत्रपिंडांना सूज नसेल, ताप नसेल आणि लघवी होत असेल, तर चार-सहा आठवडे थांबल्याने फार बिघडणार नाही. तोवर डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, कल्चर आणि साखर या कामांना लागा, म्हणजे तो वेळ वाया जाणार नाही. फक्त काढणीची घाई वडिलांच्या अंगावर टाकू नका. थंडी वाजून ताप आला, लघवीत गाठी पडू लागल्या, किंवा ओटीपोट फुगून लघवी होईनाशी झाली, तर शेत जसं असेल तसं सोडून त्याच रात्री त्यांना दवाखान्यात न्या.